दंडाची पावती जपून ठेवा!

‘एनजीओत काम करते’ असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव येतो. ‘वा, काय ग्रेट!’ किंवा ‘बिच्चारी, प्लेसमेंट झालेलं दिसत नाही!’ आणि ‘लीगल अॅडव्होकसी’ म्हटलं, तर कुठलाच भाव येत नाही, कारण कुणाला काही कळलेलंच नसतं. माझ्या आईनं तर यावर साधा उपाय काढला होता. वर्षभर ती सोसायटीत सांगत होती, ‘ती नांदेडला एका वकिलांकडे असते.’

मी वकील नाही. मास कम्युनिकेशनची डिग्री आहे, आणि त्याआधी अडीच वर्षं पुण्यात एका एजन्सीत शॅम्पू आणि टू बीएचके फ्लॅट्सवर कॉपी लिहीत होते. पगार बरा होता, ऑफिसात कॉफी मशीन होतं, शुक्रवारी पिझ्झा यायचा. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. फक्त एक दिवस ‘निसर्गाच्या कुशीत’ ही ओळ सतराव्यांदा लिहिताना वाटलं, पुरे आता.

तर जून २०२२ ते जून २०२३ असं वर्षभर मी नांदेड आणि लातूरमध्ये होते. जनहिताची कायदेशीर कामं करणारी एक छोटी संस्था. नांदेडला दोन खोल्यांचं ऑफिस, लातूरला एका वकिलांच्या चेंबरमधलं एक टेबल. तीन वकील, दोन कार्यकर्ते आणि मी. पद ‘डॉक्युमेंटेशन ऑफिसर’, मानधन महिना अठरा हजार. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये, गावांचीही नाही. प्रकरणं अजून चालू आहेत, आणि गावात कोण कुणाच्या बाजूनं उभं राहिलं हे छापून येणं तिथल्या लोकांना परवडत नाही.

जाताना डोक्यात पीआयएल म्हणजे काय होतं? सिनेमातलं कोर्ट. टेबलावर आपटलेला हात, ‘मीलॉर्ड’, मग टाळ्या. किंवा बातमीतलं कोर्ट. एप्रिल २०१६ आठवतोय? मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तो महिना. त्याच महिन्यात एका जनहित याचिकेवर मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितल्या होत्या. तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या कट्ट्यावर त्यावरून जाम भांडणं झाली होती, म्हणजे मॅचवरून. पाण्यावरून कुणी भांडलं नाही.

प्रत्यक्षात वर्षभरात मी हायकोर्टात तीनदा गेले. बाकीचे दिवस गेले गायरानात आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये.

साहेब, आमाला दंड लावा की!

गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. सातबाऱ्यावर मालकाच्या जागी ‘सरकार’ आणि पुढे ‘गायरान’. मराठवाड्यात ही जमीन बहुतेक वेळा माळाची, मुरमाड, कुणालाच नको असलेली. ज्यांच्याकडे स्वतःचं इंचभर रान नव्हतं अशा घरांनी, म्हणजे बहुतेक बौद्ध, मातंग, पारधी यांनी, दगड वेचून ती पेरण्याजोगी केली. काही ठिकाणी तिसरी पिढी तिथे पेरतेय. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये महाराष्ट्रात आणि १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यातली मुख्य मागणी हीच होती : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. पुढे बीड जिल्ह्यातले अॅड. एकनाथ आवाड यांनी १९९० मध्ये मानवी हक्क अभियान सुरू केलं आणि गायरानाचा प्रश्न मराठवाडाभर नेला. आवाड २०१५ मध्ये गेले. आमच्या दोन्ही कार्यकर्त्यांनी पहिला मोर्चा त्यांच्याच मागून काढला होता आणि गाडीत बसलं की दर वीस किलोमीटरला एकदा ते ‘जिजा’ असं म्हणायचे. मला आधी वाटायचं, कुणी आत्या वगैरे असेल. मग कळलं, आवाडांना सगळे जिजाच म्हणायचे.

सरकारनं दोनदा दार उघडलं. २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयानं ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. मग २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आला : १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करा. १४ एप्रिल १९९० म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. या तारखेच्या आत बसलात तर तुम्ही शेतकरी, एक दिवस उशीर झाला तर अतिक्रमक.

पण तारखेच्या आत होतो हे सिद्ध कसं करणार? १९८४ साली माळावर ज्वारी पेरली त्याचा सेल्फी तर नाही.

इथे या कामातली सगळ्यात भन्नाट गोष्ट येते. सरकारी जमीन पेरली म्हणून तलाठी दंड लावायचा. बारा रुपये, पंधरा रुपये. त्याची पावती मिळायची आणि नाव चढायचं गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. तीच पावती आज तुमचा पहिल्या नंबरचा पुरावा! ज्या कागदानं तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद हक्क सांगायला उपयोगी पडतो. आणि हे लोकांना माझ्यासारखं मास कम्युनिकेशन शिकून कळलेलं नव्हतं, तेव्हाच कळलं होतं. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात साठी उलटलेल्या मावशींनी सांगितलं, ‘दंड लागला की आमचे मालक पेढे वाटायचेच बाकी ऱ्हायचे. तलाठी दंड लावंना गेला की पोटात गोळा यायचा. मग त्याच्या मागं फिरायचे, साहेब, आमाला दंड लावा की!’

काही तलाठी लावायचे नाहीत. दयेपोटी नाही, तर नोंद होऊ नये म्हणून. गावातल्या मोठ्या माणसानं तसं सांगितलेलं असायचं.

मी हे सगळं वहीत उतरवत होते, तर मावशींची नात शेजारी येऊन बसली. ‘काय लिहूलालाव ताई?’ हे ‘लिहूलालाव, करूलालाव, जाऊलालाव’ माझ्या कानाला इतकं गोड लागलं, की पुण्याला परत गेल्यावर महिनाभर मीच मैत्रिणींना ‘काय करूलालास?’ विचारत होते. त्या घाबरल्या होत्या.

नोटिशीतलं जनहित

पहिले पाच महिने मजेत गेले म्हटलं तरी चालेल. नांदेडला पीजी, रविवारी सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर, आठवड्यातून दोनदा लोहा-अहमदपूरमार्गे लातूरची एसटी. लातूरला क्लासेसच्या एरियात कॉट बेसिसवर खोली मिळाली. घरमालकीण काकूंची पक्की समजूत, की मी ‘नीट’ची रिपीटर आहे. ‘वय जरा जास्तीच दिसतंय, पण होईल बघ यंदा तुझं,’ असं रोज सकाळी म्हणायच्या. लातूर पॅटर्नच्या गावात कुणी दुसऱ्या कशासाठी येत असेल, हे त्यांना पटणं कठीणच होतं. दसऱ्याला निलंगा राईस त्यांनीच खाऊ घातला. पुण्याच्या कुठल्याही फ्यूजन पुलावानं त्याच्या पाया पडावं.

आणि मग नोव्हेंबर २०२२ आला. त्या आठवड्यात भारत जोडो यात्रा देगलूरला महाराष्ट्रात शिरत होती, रस्ते बंद, हॉटेलं फुल्ल, नॅशनल चॅनेलवाले नांदेडमध्ये. कॉलेजच्या बॅचमधले दोघे भेटले आणि कॅमेरा गळ्यात घालून पुढे गेले. त्याच दिवसांत गावांमधून फोन यायला लागले : नोटीस आली. जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली. अतिक्रमण काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू.

मी पहिली नोटीस हातात घेतली आणि संदर्भाची ओळ दोनदा वाचली. तिथे लिहिलं होतं, ‘जनहित याचिका’.

झालं होतं असं, की राज्यातल्या गायरानांवरच्या अतिक्रमणांची दखल मुंबई हायकोर्टानं त्या वर्षी स्वतःहून घेतली, जनहित याचिका म्हणून. सरकारकडे हिशेब मागितला. हिशेब द्यायचा तर काहीतरी करून दाखवायला हवं, म्हणून राज्यभर नोटिसा निघाल्या. त्यात हायवेला लागून हॉटेल टाकलेला माणूसही अतिक्रमक आणि दीड एकर खडकावर सोयाबीन पेरणाऱ्या मावशीही अतिक्रमक. दोघांना एकच छापील नमुना, नावापुढे टिंबटिंब.

मी ‘जनहिता’साठी नोकरी सोडून आलेली बाई. आणि समोरच्या माणसांचं रान घ्यायला निघालेला कागदही जनहिताचाच! त्या रात्री ऑफिसात मी आमच्या सिनियर वकिलांना विचारलं, ‘सर, मग जनहितातले जन नक्की कोण?’ ते टपालाची तिकिटं चिकटवत होते. वर न बघता म्हणाले, ‘जे कोर्टात हजर असतात ते. म्हणून आपल्याला हजर राहायचंय. उद्या सकाळी साडेसातची गाडी पकड.’

या नोटिशींच्या मुळाशी अजून एक निकाल आहे, तो सांगितलाच पाहिजे. २८ जानेवारी २०११, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावचं तळं भराव टाकून काही लोकांनी घशात घातलं होतं. सुप्रीम कोर्टानं ते रिकामं करायला सांगितलं आणि सोबत सगळ्या राज्यांना आदेश दिला, की गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढण्याची योजना करा. निकाल चांगलाच आहे, मला तर आवडतो. त्यात एक अपवादही आहे : सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, किंवा जागेवर शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल. आता गंमत बघा. निकालाचा पहिला भाग दिल्लीहून मुंबई, मुंबईहून जिल्हा, जिल्ह्याहून तलाठ्यापर्यंत व्यवस्थित पोचतो. अपवादाचं वाक्य मात्र वाटेत कुठेतरी गळून पडतं. आमची निम्मी लढाई म्हणजे ते गळालेलं वाक्य उचलून परत फाईलला टाचणीनं लावणं.

रुमाल

मावशींच्या गावात २३ घरांना नोटिसा होत्या. उत्तर द्यायला थोडे दिवस होते. माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज करता येतो हे आपल्याला कॉलेजात शिकवतात, पण उत्तराची मुदत तीस दिवस असते हे नोटीस काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून थेट नकलेचा अर्ज आणि रेकॉर्ड रूम.

तुम्ही कधी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलाय? जाऊन या एकदा. मातेरी वास, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत. त्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात. मला वाटलं होतं कम्प्युटर असेल. होता, त्यावर रजेचे अर्ज टाइप होत होते. सगळ्यात जुन्या रुमालांत निजामाच्या काळातले उर्दू कागद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला तरी जमिनीच्या कागदांची भाषा काही एका रात्रीत बदलली नाही. एका फाईलसाठी आम्ही नांदेडच्या देगलूर नाक्याजवळच्या एका रिटायर्ड मास्तरांकडे उर्दू वाचून घ्यायला जायचो. ते चहा पाजायचे, पैसे घ्यायचे नाहीत आणि आधी कागदातल्या मुन्शीचं अक्षर किती सुंदर आहे यावर दहा मिनिटं बोलायचे. मग मजकूर.

आमच्या २३ घरांपैकी १४ जणांकडे दंडाच्या पावत्या निघाल्या. काही प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक पोथीत, एक चक्क लग्नाच्या फोटोच्या फ्रेममागे. उरले नऊ. १-ई नोंदवहीची काही पानं गायब होती. कशी, ते विचारू नका, आम्हीही विचारलं नाही, तेवढा वेळ नव्हता. उरलेल्या पानांत चार नावं सापडली. उरले पाच.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, भलत्याच रुमालात एक अर्ज सापडला. १९८९ सालचा. तेव्हाच्या सरपंचांनी तहसीलदारांना लिहिलेला. ‘खालील इसमांनी गावचे गायरान जबरदस्तीने नांगरले असून त्यांचेवर कडक कारवाई व्हावी.’ खाली अकरा नावं. त्यात आमच्या पाचातली तीन! ज्यानं यांना हाकलायला कागद केला, त्यानंच तेहेतीस वर्षांनी यांच्या बाजूनं साक्ष दिली. मी इतक्या जोरात ओरडले की अव्वल कारकून धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

सर मात्र शांत. अर्ज वाचून म्हणाले, ‘नक्कल सही-शिक्क्याची घे. आणि राहिलेले दोन?’

राहिलेले दोन १९९४ मध्ये आलेले होते. पुरावा असायचा प्रश्नच नव्हता, तारीखच बाहेरची. तहसीलबाहेरच्या टपरीवर जुन्या तारखेचा कागद ‘करून’ देणारा माणूस होता, रेटही सांगून गेला होता. सरांनी त्या दोन घरांना ऑफिसात बोलावून, चहा देऊन, स्पष्ट सांगितलं, ‘खोटा कागद आपण लावायचा नाही. एक खोटा निघाला तर एकवीस खरे बुडतील.’ दोघांपैकी एक म्हणाला, ‘बरोबर हाय साहेब.’ दुसरा काहीच बोलला नाही, कप उचलून बाहेर विसळून ठेवला आणि गेला. त्यांच्यासाठी दुसरी वाट शोधली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे, तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळते, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. कागदावर मस्त. पण सरकारनं ठरवलेल्या दरात जमीन विकणारा मिळाला पाहिजे. शिवाय ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी. आणि या दोनांतलं एक घर पारधी, म्हणजे अनुसूचित जमात. तो अर्ज तिथेच संपला.

मी कायदा शिकलेली नाही, त्यामुळे मला बिनधास्त म्हणता येतं : १९९० ला रान फोडलेला माणूस आणि १९९४ ला रान फोडलेला माणूस यांच्या हातावरच्या घट्ट्यांत मला फरक दिसला नाही. पण तारखेशिवाय कायदा चालत नाही, हेही त्या वर्षात पटलं. दोन्ही पटतं, आणि रात्री त्रास होतो.

कसणे

हायकोर्टाची भाषा इंग्रजी. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावाची याचिका औरंगाबाद खंडपीठात (शहर आता छत्रपती संभाजीनगर) गेली तेव्हा सगळ्या जबाबांचं भाषांतर माझ्या गळ्यात आलं. कॉपी रायटरला काय अवघड? शॅम्पूची अख्खी कॅम्पेन्स फिरवलीत! आणि मी पहिल्याच वाक्याला अडकले. ‘आम्ही ही जमीन तीन पिढ्यांपासून कसतो.’

कसणे. ‘कल्टिव्हेट’ लिहिलं तर नांगर आणि पेरणी येते, पण खडक फोडला, बांध घातला, बैल नव्हता तेव्हा स्वतः जू ओढलं, ते येत नाही. ‘पझेशन’ लिहिलं तर कोर्टाला कळतं, पण मग माणूस नुसता बसून राहिल्यासारखा वाटतो. आणि समोरच्या सरकारी कागदात तर एकच शब्द, ‘एन्क्रोचर’. आमच्या तरुण वकील मॅडमनी माझे चार खर्डे परत पाठवले. शेवटी त्यांनी सुचवलं, एका शब्दाच्या मागे लागू नकोस, काय काय केलं ते सांग. मग आम्ही परिच्छेद लिहिला : कुठल्या साली किती दगड काढले, विहीर किती हात खणली, कुठल्या दुष्काळात सोडून गेले आणि कधी परत आले. शब्दाची कॉपी मस्त जमण्यापेक्षा हे कितीतरी अवघड निघालं, कारण प्रत्येक गोष्टीला पुन्हा ‘पुरावा?’

दिवाळीनंतर पुण्यात गेले होते तेव्हा जुना ग्रुप भेटला. बाणेरच्या कॅफेत. मी नोटिशींचं सांगितलं, तर एक मित्र (आर्किटेक्ट, हुशार, मनानं चांगला) म्हणाला, ‘पण अतिक्रमण ते अतिक्रमणच ना? आपण ईएमआय भरतो, टॅक्स भरतो. यांना फुकट का?’

हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. गायरान संपलं तर गावची गुरं कुठं जाणार, हाही खरा प्रश्न आहे. म्हणूनच १२ जुलै २०११ ला सरकारनं गायरान दुसऱ्या कामाला वापरायला बंदी घातली. पण मग त्याच डिसेंबरात वाशीम जिल्ह्यातल्या ३७ एकर गायरानाचं प्रकरण नागपूरच्या अधिवेशनात गाजत होतं, एकाच खासगी माणसाच्या नावे ते नियमित केल्याचं. आणि २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमिनींवर, गायरानांवरही, सोलर पॅनेल्स उभी राहतायत. वीज हवीच, मी काही पॅनेलच्या विरोधात नाही. पण मग गायरान फक्त गुरांसाठी, हे तत्त्व दीड एकरवाल्या मावशींनाच का ऐकवायचं?

त्या मित्राला मी किल्लारीचं सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपल्याला माहीत असतो, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, देशभरातून मदत आली. पुनर्वसनात घरं कशी वाटली ते माहीत नसतं. ज्याच्याकडे जितकी जमीन, तितकं घर. भूमिहीन आणि छोट्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपानं सगळ्यांचीच घरं पाडली होती, पण नवं घर मोजायला सातबाराच काढला गेला. औसा तालुक्यातल्या एका आजोबांनी मला त्यांच्या अडीचशे फुटांत उभं राहून हे दाखवलं, हात पसरून. हात भिंतींना लागत नव्हते, पण फार लांबही नव्हते.

मित्र थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘माझा स्टुडिओ अडीचशेचा आहे.’ मग दुसरं कुणी ट्रेकचा विषय काढला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मावशींच्या गावची सुनावणी झाली. तहसीलच्या व्हरांड्यात सकाळी अकरापासून २३ घरांतली माणसं, पोरंबाळं, डबे. साहेब मीटिंगला. साडेचारला बोलावणं आलं. सरांनी वीस मिनिटं युक्तिवाद केला, आवाज एकदाही चढवला नाही, टेबलावर हात तर नाहीच आपटला. फक्त एकेक नक्कल पुढे सरकवत गेले. सरपंचांच्या १९८९ च्या अर्जावर साहेब थांबले, चष्मा काढून पुसला आणि हसले. तेवढंच. आठवड्यानं लेखी आदेश आला : २१ घरांचे नियमितीकरणाचे प्रस्ताव वर पाठवावेत, निर्णय होईपर्यंत ताबा काढू नये. त्या दोन घरांबद्दल ‘स्वतंत्रपणे विचार करण्यात येईल’.

मी पुण्याच्या ग्रुपवर ‘जिंकलो!!!’ टाकलं. सरांनी ते कुणाच्या तरी फोनवर पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘जिंकलो नाही गं. अजून काही गेलं नाही, एवढंच.’

तेच त्या वर्षाचं काम. एजन्सीत मला दर तिमाहीला दाखवायला ग्राफ असायचा. इथे वर्षअखेरच्या अहवालात मी काय लिहिलं? इतक्या फायली, इतक्या नकला, इतक्या सुनावण्या, आणि ‘जैसे थे’ एकवीस घरं. फंडिंग देणाऱ्यांच्या फॉर्मात ‘इम्पॅक्ट’ नावाचा रकाना होता. त्यात ‘जैसे थे’ कसं बसवायचं यावर आम्ही दोन दिवस घालवले.

जून २०२३ मध्ये मी निघाले. कारणं साधीच होती : पैसे, बाबांचं ऑपरेशन, आणि लिहायचं होतं. तेव्हापासून फ्रीलान्सिंग करतेय. संस्थेत माझ्या जागी आता लातूरचीच एक मुलगी आहे. लॉ करतेय, उर्दू शिकतेय. देगलूर नाक्याचे मास्तर तिला आठवड्यातून दोनदा शिकवतात, फी अर्थातच नाही. प्रस्ताव उपविभागीय कार्यालयातून जिल्ह्याला गेले, तिथून त्रुटीसाठी परत आले, पुन्हा गेले.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात तो भयानक पाऊस झाला. मावशींचा फोन आला. सोयाबीन पाण्यात, बांध वाहून गेलेला. पंचनामे चालू होते, पण मदत मिळते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइल अॅपवर आहे, आणि अॅपमध्ये यांचं पीक भरायचं तर आधी गट नंबरापुढे यांचं नाव हवं. तिथे अजून ‘सरकार’च आहे. म्हणजे कागदोपत्री त्या दीड एकरात सोयाबीन पेरलंच गेलं नव्हतं, मग बुडणार काय?

मी म्हटलं, ‘मावशी, मी काय करू सांगा.’ म्हणाल्या, ‘काई करू नको माय. फोटो धाडलाव नातीनं, बघ.’ व्हॉट्सअॅपवर तीन फोटो होते. गुडघाभर पाणी, त्यात काळपट झालेल्या शेंगा, कडेला मावशी छत्री घेऊन. खाली नातीनं टाइप केलं होतं, ‘हे फायलीत लावा’.

मी ते लातूरच्या त्या मुलीला पाठवले. दोन मिनिटांत तिचा रिप्लाय आला, ‘फोटोवर तारीख नाहीये. तलाठ्याला लेखी अर्ज द्यायला सांग, पिकाच्या नुकसानीचा. नाकारला तरी चालेल, पोच घ्यायची.’

मी परत फोन लावला आणि तसं सांगितलं. मावशी खूश झाल्या. ‘नाकारला तर बरंच हाय की,’ म्हणाल्या. ‘नाकारल्याचा बी कागद मिळंल.’